दुसरा साक्षीदार

1994 च्या जुलैत शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, तेव्हा तारखा आधीच ठाऊक होत्या. मोठमोठ्या वेधशाळा सज्ज होऊन बसल्या होत्या. पंधरा वर्षांनी, 19 जुलै 2009 च्या रात्री मात्र कुणालाच कसली चाहूल नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या मरमबेटमन गावी हौशी निरीक्षक अँथनी वेस्ली अंगणातल्या साडेचौदा इंची दुर्बिणीतून गुरूचं चित्रण करत होते. मध्येच टीव्हीवरचं क्रिकेट आणि गोल्फ बघायला घरात गेले (आपण तरी वेगळं काय केलं असतं!). परत आले, तर गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ काळा डाग: काहीतरी आदळल्याची खूण. हवाईतल्या नासाच्या अवरक्त दुर्बिणीने त्याची खात्री केली. चार दिवसांनी हबलनेही फोटो काढला.

अंगणातली दुर्बीण इथवर पोचली ती वेबकॅममुळे. फिल्मच्या काळात एका फोटोत हवेची सगळी थरथर उतरायची. 2000 च्या सुमारास हौशी मंडळी साधा वेबकॅम दुर्बिणीला लावू लागली. मिनिटा-दोन मिनिटांत शेकडो फ्रेम्स घ्यायच्या, हवा क्षणभर थांबली तेव्हाच्या तेवढ्या वेचायच्या आणि एकावर एक रचायच्या. हे वेचण्या-रचण्याचं काम करणारं ‘रजिस्टॅक्स’ हे सॉफ्टवेअर कोर बेरेव्होट्स यांनी लिहिलं आणि फुकट वाटलं.

पण गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत फिरतो. चित्रण लांबलं की तपशील फिसकटतात, आणि उजाडलं की आपली पाळी संपते. म्हणून ऑस्ट्रेलिया, जपान, फिलिपिन्स, युरोप, अमेरिका अशी रात्रीमागून रात्र जोडत जावं लागतं. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे जॉन रॉजर्स वर्षानुवर्षं हीच चित्रं जुळवून गुरूच्या पट्ट्यांचा हिशेब ठेवत आले आहेत. आपल्याकडे मात्र 1994 काय नि 2009 काय, जुलै म्हणजे ढगच.

या एकजुटीची खरी कसोटी लागली 3 जून 2010 ला. वेस्लींच्या व्हिडिओत गुरूवर दोनेक सेकंदांची एक ठिणगी दिसली. एकट्याच्या कॅमेऱ्यातल्या ठिणगीवर कोण विश्वास ठेवणार? मधून गेलेला उपग्रह असेल, सेन्सरची खोड असेल. बातमी ऐकून फिलिपिन्समधल्या सेबूच्या ख्रिस्तोफर गो यांनी त्या रात्रीचं आपलं चित्रण उघडलं. तीच जागा, तोच क्षण. एकाकडे 37 सेंटिमीटरची दुर्बीण, दुसऱ्याकडे 28 ची, आणि मध्ये हजारो किलोमीटर. त्या दोन व्हिडिओंवरून उल्केचा आकार 8 ते 13 मीटर निघाला. शोधनिबंधावर शास्त्रज्ञांबरोबर या दोघांचीही नावं आली.

पुढे अशा ठिणग्या सापडत गेल्या. 17 मार्च 2016 च्या रात्री ऑस्ट्रियात गेरिट केर्नबाउअर यांनी गुरू टिपला. पण हवा बरी नव्हती म्हणून व्हिडिओ दहाएक दिवस तसाच पडून राहिला. अखेर पाहिला, तर कडेला लखलखाट. आयर्लंडमधल्या जॉन मॅकियन यांच्याकडेही त्याच रात्रीचं चित्रण होतं. त्यांनी ते पुन्हा लावलं, आणि तीच ठिणगी त्यांच्याही गुरूच्या कडेला चमकून गेली.