कानाकडे सरकणारा डोळा

उन्हात आलं की मूल एक डोळा मिटून घेतं. घरच्यांना वाटतं, ऊन सोसत नाही. मग एखाद्या संध्याकाळी, पोर दमलेलं असताना, एक बुबुळ कानाकडे सरकलेलं दिसतं. हाक मारली की लगेच जागेवर. आणि डॉक्टरांपुढे नेमका डोळा सरळ! अशा वेळी मोबाइलवर काढून ठेवलेला फोटो फार उपयोगी पडतो.

प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू असतात. नाकाकडचा डोळ्याला आत ओढतो, कानाकडचा बाहेर. अधूनमधून बाहेर जाणाऱ्या या तिरळेपणात सहसा एकही स्नायू लुळा नसतो. दोन्ही डोळ्यांची चित्रं जुळवून धरणारी मेंदूची पकड मधूनच सुटते. मोठ्या माणसाला अशा वेळी एकाची दोन दिसतील. मुलाचा मेंदू सरकलेल्या डोळ्याचं चित्र सरळ दाबून टाकतो, म्हणून मूल तक्रारच करत नाही. त्यात ‘तिरळा म्हणजे नशीबवान’ म्हणणारे आहेतच.

१८३९ साली बर्लिनमध्ये योहान डीफेनबाख यांनी सात वर्षांच्या मुलाचा आत वळलेला डोळा आतला स्नायू कापून सरळ केला. भूल तेव्हा यायची होती. या शस्त्रक्रियेचं पुढे युरोपभर पेव फुटलं आणि पूर्ण सुटलेल्या स्नायूमुळे कित्येकांचे डोळे नंतर उलटे बाहेर गेले.

आता स्नायू मोकळा सोडत नाहीत. डोळा खोबणीतून बाहेर काढतात, ही भीतीही निराधार आहे. मुलाला पूर्ण भूल देऊन पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा थोडा उघडतात, बोथट आकड्याने बाहेरचा स्नायू उचलतात, टोकात विरघळणारा टाका ओवतात आणि तो मूळ जागेवरून सोडवून साधारण ५ ते ८ मिलिमीटर मागे शिवतात. त्याची ओढ कमी होते. मूळ जागेच्या लगेच मागे डोळ्याचं कवच जेमतेम ०.३ मिलिमीटर जाड असतं, त्यामुळे या भागात सुई फार जपून चालवावी लागते. स्नायू ओढला की कधी कधी हृदयाचे ठोके एकदम मंदावतात; भूलतज्ज्ञ ‘थांबा’ म्हणतात, सर्जन आकडा ढिला सोडतात, ठोके पूर्ववत होतात.

नंतर काही दिवस डोळा किंचित आत वळलेला दिसला, मुलाला दोन-दोन दिसलं, तर बहुतेकदा ते ठरवूनच केलेलं असतं, कारण डोळ्याचा कल पुन्हा बाहेरच सरकण्याचा असतो. किती? अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या गटाने १९७ मुलांवर दोन पद्धती ताडून पाहिल्या. दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे स्नायू मागे नेलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्क्यांचा निकाल तीन वर्षांत समाधानकारक राहिला नाही; एकाच डोळ्याचा बाहेरचा स्नायू ढिला आणि आतला आखूड केलेल्यांत हा आकडा ३७ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठोस ठरला नाही.

म्हणून माझ्या मते कसं कापायचं यापेक्षा केव्हा, हा प्रश्न अवघड. त्याच गटाने उपचार न करता तीन वर्षं नुसती नजर ठेवलेल्या मुलांपैकी सुमारे १५ टक्क्यांचीच स्थिती बिघडली. त्यामुळे अनेक डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा बोलावतात, ध्रुवीकृत चष्मा लावून मुलाला चित्रातल्या माशीचे पंख चिमटीत धरायला सांगतात. ही खोलीची जाण घसरू लागली किंवा डोळा दिवसाचा बराच वेळ बाहेर राहू लागला, की मग शस्त्रक्रियेची तारीख ठरते.