चित्रफीत अंकीकरण, घरगुती

चुंबकीय फितीवर मुद्रित केलेली हलती चित्रे व ध्वनी व्हीसीआर यंत्रावर वाजवून त्यांचा विद्युत् संकेत घरगुती संगणकात घेणे, त्याचे अंकांत रूपांतर करणे आणि ते अंक फाइलच्या स्वरूपात साठविणे, या क्रियेला चित्रफितीचे अंकीकरण म्हणतात. व्यवहारात तिला ‘व्हिडिओ कॅप्चर’ हे नाव रूढ आहे. चित्र न येणे, चित्रचौकटी गळणे, ध्वनी चित्राच्या मागेपुढे होणे इ. अडचणी या क्रियेत वारंवार उद्‌भवतात. त्यांचा दोष बहुधा संगणकाला दिला जातो. परंतु पुष्कळदा त्यांचे मूळ संगणकाच्या अलीकडे, म्हणजे फीत, यंत्र वा जोडतारा यांत असते. म्हणून संकेत ज्या क्रमाने प्रवास करतो त्याच क्रमाने, फितीपासून डिस्कपर्यंत, दोष शोधीत जाणे ही दोषनिवारणाची मूलभूत पद्धती होय.

निकड : जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस पद्धती प्रचारात आणली. भारतात १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली. पुढील काळात विवाह, मुंजी, स्नेहसंमेलने, हौशी नाट्यप्रयोग इत्यादींचे चित्रण अशा फितींवर होऊ लागले. घरगुती चित्रणाची बहुधा एकच प्रत असते. फितीवरील चुंबकीय कणांना धरून ठेवणारा बंधक पदार्थ काळाच्या ओघात व दमट हवेने क्षीण होतो. कोकण व मुंबईसारख्या दमट हवामानाच्या भागांत फितीवर बुरशी येण्याचा धोका विशेष असतो. दुसरीकडे फीत वाजविणारी यंत्रेही दुर्मिळ होत गेली. व्हीसीआर तयार करणाऱ्या अखेरच्या कंपन्यांपैकी जपानच्या फुनाई इलेक्ट्रिक कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. सुस्थितीतील यंत्रे व सुटे भाग मिळेनासे होत असल्याचा इशारा २०१९ मध्ये युनेस्को व ध्वनि-दृक्‌श्राव्य अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या उपक्रमातून देण्यात आला. जीर्ण फीत पुनःपुन्हा वाजविणे इष्ट नसते. त्यामुळे सर्व चाचण्या प्रथम बिनमहत्त्वाच्या फितीवर करून मगच मूळ फीत यंत्रात घालावी.

संकेताचे स्वरूप : भारतातील सदृश दूरचित्रवाणीसाठी वापरलेल्या पाल पद्धतीत प्रत्येक चित्रचौकट ६२५ रेषांची असून सेकंदाला २५ चौकटी दाखविल्या जातात. प्रत्येक चौकट दोन क्षेत्रांत विभागलेली असते. एका क्षेत्रात सम व दुसऱ्यात विषम क्रमांकाच्या रेषा येतात. एका रेषेचा कालावधी ६४ मायक्रोसेकंद असतो. अमेरिका व जपान यांच्या एनटीएससी पद्धतीत रेषा ५२५ व चौकटी सेकंदाला २९·९७ असतात.

व्हीएचएस फीत १२·७ मिमी. रुंद असते. ती ६२ मिमी. व्यासाच्या फिरत्या दंडगोलाभोवती ओढली जाते आणि दंडगोलावरील हेड तिच्यावरील तिरकस पट्टे वाचतात. पाल पद्धतीत हा दंडगोल सेकंदाला २५ फेरे करतो. फीत ताणली गेली असल्यास वा तिची गती किंचित डळमळल्यास रेषेचा कालावधी नेमका ६४ मायक्रोसेकंद राहत नाही. जुन्या पद्धतीचा दूरचित्रवाणी संच असा फरक बराचसा सांभाळून घेतो. ठराविक क्षणी मोजमाप करणारे अंकीकरण साधन मात्र तो सहजासहजी सांभाळू शकत नाही. संचावर ठीक दिसणारी फीत संगणकावर तुटक दिसते, याचे हे प्रमुख कारण आहे.

अंकीकरणाच्या १९८२ मधील आंतरराष्ट्रीय मानकानुसार दीप्तिसंकेताचे सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने घेतले जातात. चित्रातील ५७६ दृश्य रेषांपैकी प्रत्येकीचे ७२० नमुने साठविले जातात. वर्णसंकेतासह प्रत्येक नमुन्यास सरासरी २ बाइट धरल्यास सेकंदाला सु. २ कोटी ७ लाख बाइट, म्हणजे तासाला सु. ७५ गिगाबाइट इतकी माहिती तयार होते.

फीत व यंत्र यांतील दोष : बुरशीचे पांढुरके ठिपके दिसणारी फीत यंत्रात घालू नये, तिच्यामुळे हेड माखतात व बुरशी इतर फितींना लागते. अशी फीत जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. निरोगी फीत एकदा शेवटपर्यंत पुढे व पुन्हा मागे गुंडाळल्यास तिचा ताण समान होतो. चित्रावर आडवे पांढरे पट्टे येत असल्यास यंत्रावरील ट्रॅकिंगची कळ फिरवून पहावी. सर्वच फितींचे चित्र अस्पष्ट दिसत असल्यास हेड मळलेले असण्याचा संभव असतो. हेड फार नाजूक असल्याने ते उभ्या दिशेने घासल्यास तुटतात. चित्राच्या तळाशी दिसणारी थरथरती पट्टी हा दोष नव्हे. एका हेडकडून दुसऱ्याकडे वाचन जाताना ती निर्माण होते. जुन्या संचाच्या चौकटीआड ती झाकली जात असे.

जोडणीतील दोष : चित्र मुळीच न आल्यास यंत्र प्रथम दूरचित्रवाणी संचास जोडून पहावे. तेथे चित्र दिसल्यास संगणकावरील योग्य प्रवेशमार्ग निवडलेला आहे की नाही, हे तपासावे. रंगीत चित्रण कृष्णधवल दिसत असल्यास पाल व एनटीएससी यांची निवड चुकलेली असते किंवा एस-व्हिडिओचा संकेत संयुक्त संकेताच्या मार्गात जोडलेला असतो. अमेरिकेतील आप्तांनी पाठविलेल्या फिती सहसा एनटीएससी पद्धतीच्या असतात. काही बहुपद्धती यंत्रे त्या वाजविताना ५२५ रेषांचा, पण पाल पद्धतीच्या रंगाचा मिश्र संकेत देतात व काही साधने तो स्वीकारीत नाहीत; अशा वेळी यंत्रावर शुद्ध एनटीएससी निर्गम निवडावा. ध्वनीत सतत गुणगुण किंवा चित्रात वर सरकणारे पट्टे आढळल्यास भूयोजनाचा दोष संभवतो. सुवाह्य संगणक विजेपासून सोडवून बॅटरीवर चालविताच गुणगुण थांबली, तर हे निदान पक्के होते.

चौकटी गळणे : हा सर्वांत त्रासदायक दोष आहे. त्याचे मूळ ओळखण्यासाठी फितीचा एकच लहान भाग दोनदा ग्रहण करावा. दोन्ही वेळा त्याच जागी चौकटी गळाल्या, तर दोष फितीत वा यंत्रात असतो. वेगवेगळ्या जागी गळाल्या, तर तो संगणकात असतो. पहिल्या प्रकारात कालाधार शुद्धीकारक हे साधन उपयोगी पडते. ते रेषा वा संपूर्ण चौकट क्षणभर साठवून नेमक्या कालांतराने पुढे पाठविते. दुसऱ्या प्रकारात डिस्कची लेखनगती, तिच्यावरील मोकळी जागा व एकाच वेळी चालू असलेले इतर कार्यक्रम तपासावेत. यूएसबीच्या १·१ आवृत्तीची गती सेकंदाला १२ मेगाबिट असून असंपीडित चित्रासाठी सु. १६६ मेगाबिट लागतात. २·० आवृत्तीची ४८० मेगाबिट ही गती त्यास पुरते.

ध्वनीची विसंगती : चित्र एका साधनाने व ध्वनी संगणकाच्या ध्वनिपत्राने ग्रहण केल्यास दोहोंची घड्याळे स्वतंत्र असतात. त्यांत दहा हजारांत एक इतका फरक असला, तरी तासाअखेर ध्वनी ०·३६ सेकंदाने सरकतो. त्यामुळे दोन्ही संकेत एकाच साधनातून घ्यावेत. विसंगती क्रमाक्रमाने वाढत असल्यास कारण घड्याळांतील फरक, तर एकाएकी उद्‌भवत असल्यास गळालेल्या चौकटी असे समजावे. २५ चौकटी गळाल्या की एक सेकंदाचा फरक पडतो.

ग्रहण मध्येच थांबणे : दर वेळी ठराविक आकारमानावर ग्रहण थांबत असेल, तर फितीत दोष नसून फाइलच्या आकारमानाची मर्यादा आड येत असते. फॅट-३२ पद्धतीच्या डिस्कवर एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही. असंपीडित चित्रासाठी ही मर्यादा सु. साडेतीन मिनिटांतच संपते. डिस्कची मांडणी एनटीएफएससारख्या पद्धतीने केल्यास ही अडचण दूर होते.

कंगव्यासारख्या कडा : संगणकाच्या पडद्यावर हलत्या वस्तूंच्या कडा दातेरी दिसतात, याचे कारण दोन क्षेत्रे भिन्न क्षणांची असूनही एकत्र दाखविली जातात हे होय. मूळ प्रत तशीच ठेवून केवळ पाहण्याच्या प्रतीत क्षेत्रांचे विलीनीकरण करावे. हालचाल मागेपुढे झटके देत असल्यास क्षेत्रांचा क्रम उलटा घेतला गेलेला असतो.

जतन : १९९५ मध्ये आलेल्या डीव्ही फितींवरील माहिती मुळातच अंकीय असल्याने ती फायरवायर जोडणीने जशीच्या तशी उतरवून घ्यावी, सदृश मार्गाने घेतल्यास गुणवत्ता विनाकारण घटते. व्हीएचएससाठी एफएफव्ही-१ सारखे हानिरहित संपीडन योग्य ठरते. ग्रहण पूर्ण झाल्यावर फाइल आरंभापासून अखेरपर्यंत प्रत्यक्ष पाहून तपासावी व तिच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. मूळ फीत टाकून न देता कोरड्या जागी उभी ठेवावी. कारण ग्रहणात राहिलेला दोष पुढे लक्षात आल्यास तो सुधारण्याचे तेच एकमेव साधन असते.