केळवली ते शरणपूर

पहाटे ५:००

लावणीचे दिवस आहेत. बाबा राबाकडे गेलेत, आई चुलीपाशी. मी डबा भरते : तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. लावणीला घरातलं एक माणूस शेतावर नसलं, की एक बाई मजुरीने लावावी लागते. ती मजुरी आता माझ्या फेलोशिपमधून जाते. मुंबई विद्यापीठाच्या आफ्रिकन अध्ययन केंद्रात, म्हणजे १९७१ साली सुरू झालेल्या केंद्रात, मी पीएच.डी. करते. नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली म्हणून करू शकते. महिन्याला ३७,००० रुपये, पहिली दोन वर्षं. पुढे एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलोशिप, झाली की ४२,०००. एकूण पाच वर्षं. गावात कुणी म्हणतं, शिकायचे पैसे मिळतात, मजा आहे. मी त्याला पगार म्हणते, कारण हे काम आहे.

७:००

खोपोलीहून आलेली लोकल केळवलीला मिनिटभरही थांबत नाही. कर्जतला डबा भरतो. पाट्या घेऊन चढणाऱ्या ठाकर बायका दारापाशी बसतात, मी खिडकीशी स्वाहिलीची, म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या भाषेची, वही उघडते. पळसदरीच्या मावशी रोज शेजारी असतात. आज त्यांनी विचारलं, ‘काय वाचतेस गं?’ मी वाचून दाखवलं : दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, रंगी म्हणजे रंग, साबुनी म्हणजे साबण, चाय, चपाती.

‘अगं, ही तर आपलीच भाषा!’

आपली नाही. पण अरबी-फारसी आणि हिंदुस्थानी शब्द गलबतांतून आपल्या आणि आफ्रिकेच्या, दोन्ही किनाऱ्यांवर उतरले आणि दोन्हीकडे राहिले. हे मावशींना सांगताना कल्याण येतं आणि बोलायलाही जागा उरत नाही.

१०:३०

काळा घोडा. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्राचं पुराभिलेखागार. पेन पिशवीत, हातात फक्त पेन्सिल. मागणीची चिठ्ठी भरायची आणि बांधणी सुटलेला जाड खंड येईपर्यंत थांबायचं.

रायगडात हबशी म्हटलं की लोकांना जंजिरा आठवतो आणि सिद्दीशी झालेल्या लढाया. शाळेत आम्हीही तेवढंच शिकलो. माझा प्रबंध मात्र दुसऱ्याच आफ्रिकी माणसांवर, मुलांवर आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचं आरमार पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची गुलामांची गलबतं पकडायचं आणि सुटलेली माणसं, त्यांत कितीतरी लहान मुलं, मुंबईत आणायचं. इथे त्यांची व्यवस्था पोलिस कमिशनरकडे असे. काही मुलं नाशिकजवळच्या शरणपूरला, चर्च मिशनरी सोसायटीच्या शाळेत गेली. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली.

१:३०

मागे व्हरांड्यात पाऊस, पुढ्यात डबा. विद्यापीठात माझ्या हजेरीची मासिक नोंद झाली का, ते फोनवर विचारून घेतलं. ती झाली नाही तर पैसे अडकतात. एकदा तीन महिने आले नव्हते, तेव्हा बाबांनी सोसायटीचं कर्ज काढलं.

२:३०

दुपार याकोब वेनराइटची. शरणपूरच्या शाळेत शिकलेला हा आफ्रिकी तरुण. १८७२ साली पत्रकार स्टॅन्लीने आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनकडे धाडलेल्या माणसांत तो होता, आणि त्याच्याबरोबर शरणपूरचे आणखी काही जण. १ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियात, लिव्हिंग्स्टन वारला. त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. प्रार्थना याकोबने वाचली, झाडावर अक्षरंही त्याने कोरली. मग या माणसांनी तो देह किनाऱ्यापर्यंत वाहून नेला. दीड हजार किलोमीटरहून जास्त वाट, नऊ महिने. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांत याकोब होता.

इंग्रजी पुस्तकांत या सगळ्यांचा एकच उल्लेख पुन्हा पुन्हा येतो : विश्वासू नोकर. मला तो फार खटकतो. नोकर म्हटलं की त्याने काय वाचलं, कुठे शिकला, हे विचारायचं राहून जातं. याकोबने त्या प्रवासाची दैनंदिनी लिहिली आहे. लिहिणारा माणूस आणि ओझं वाहणारा माणूस एकच होता, हे माझ्या प्रबंधात पहिल्या पानावर यायला हवं.

साडेपाचपर्यंत चार पानं उतरवून झाली. एवढ्यासाठी दिवस जातो.

६:१५

परतीची गाडी उभ्यानेच. शरणपूरच्या बऱ्याच जणांचा परतीचा प्रवास आठवतो. १८७५ च्या सुमारास ते मोंबासाजवळच्या फ्रीरटाउनला गेले. मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या नावाने वसलेली ही वस्ती. मॅथ्यू वेलिंग्टन त्यांतलाच. तो मोंबासात म्हातारा होऊन १९३५ साली वारला. गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून भारतात परतले, त्यालाही तेव्हा वीस वर्षं झाली होती. इतक्या अलीकडचं हे आहे.

९:००

घरी. पायांना चिखल लावूनच बाबा जेवायला बसलेत. आज अर्धं खाचर झालं. आई विचारते, ‘त्या पोराचं पुढं काय झालं?’ तिला मी रोज थोडं सांगते. याकोबची आई कुठे राहिली, हे तिला हवं असतं.

१०:३०

दिवसभराच्या टिपणांवर तारीख घालते, खंडाचा क्रमांक लिहिते. तो चुकला तर पान पुन्हा सापडत नाही.

नाशिकच्या वाचकांना एक विनंती. शरणपूर रोड हे नाव तुम्ही रोज उच्चारता. तिथल्या जुन्या घरांत, चर्चच्या कपाटांत त्या शाळेच्या वह्या, नोंदी, छायाचित्रं असतील, तर ती रद्दीत देऊ नका. विद्यापीठाच्या केंद्राला कळवा.