गच्ची धुण्याचा धंदा : मशीन आपले, दर आपला

आपल्या वस्त्यांतून आयटीआय झालेले, बारावी झालेले, कधी कधी पदवीधरसुद्धा ठेकेदाराकडे रोजंदारीवर जाताना दिसतात. नोकरीच्या जागा कमी झाल्या आणि उरल्या त्यांतल्या बऱ्याचशा कंत्राटी झाल्या. थोड्या भांडवलात स्वतःचे काही करता येईल का, असे घराघरात विचारले जाते. प्रेशर मशीनने इमारतीची गच्ची, पार्किंग, कंपाउंडची भिंत, बाहेरचा जिना धुऊन देणे हा त्यातलाच एक धंदा.

पण हे नाव काढले की घरातले वडीलधारे पहिल्यांदा विचारतात, “शिकूनसवरून पुन्हा साफसफाईच का रे?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले. महार वतनाविरुद्ध १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. त्यांचा विरोध कष्टाला नव्हता. जन्माने गळ्यात पडलेल्या, नाही म्हणायची सोय नसलेल्या आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर असलेल्या कामाला होता. तेव्हा आपणही कसोटी तीच लावावी. मशीन कोणाचे? दर कोण ठरवतो? नको असलेले काम नाकारता येते का? तिन्हींची उत्तरे आपल्या बाजूची असतील तर हा सम्यक आजीव आहे. नसतील तर नव्या मशीनने केलेली ती जुनीच गावकी.

आता मशीनकडे वळू. घरी मोटारसायकल धुण्यासाठी मिळणारे हलके मशीन स्वस्त पडते, पण त्याची ब्रशवाली मोटार तापते. दिवसभर चालवायला ते नाही. धंद्यासाठी इंडक्शन मोटारीचे आणि पितळी पंपाचे मशीन घ्यावे. १०० ते १५० बार दाब गच्ची-पार्किंगला पुरतो. दुकानदार दाबाचा आकडा मोठा करून सांगतो. आपण मिनिटाला पाणी किती लिटर ते विचारावे, कारण घाण सुटते दाबाने, पण वाहून जाते पाण्याने. आपल्या शहरात त्याचे सुटे भाग आणि दुरुस्ती मिळते का, हेही आधीच पाहावे. पंप कोरडा चालला की सील जळतात. गन बंद आणि मोटार चालू, असे दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. तेच पाणी पंपात फिरून तापते.

मिनिटाला ८ लिटर धरले तर तासाला ४८० लिटर पाणी लागते. सोसायटीत पाणी येण्याची वेळ विचारल्याशिवाय काम घेऊ नका, टाकी रिकामी झाली की सगळ्या मजल्यांवरून शिव्या येतात. मराठवाड्यात आणि टंचाईच्या गावांत उन्हाळ्यात आधी खराट्याने कोरडी घाण काढा, मगच पाणी सोडा. चवदार तळ्याचा सत्याग्रह केलेल्या समाजाला पाण्याची किंमत कोणी सांगायला नको.

दाब म्हणजे ताकद, आणि ती चुकीच्या जागी लागली की नुकसान आपल्या खिशातून जाते. सरळ धारेचे लाल नोझल नवख्याने हातात घेऊच नये. २५ अंशांचे हिरवे आणि ४० अंशांचे पांढरे, एवढ्यावर बहुतेक काम होते. पेव्हर ब्लॉकच्या फटीतली वाळू उडते, ती पुन्हा भरून द्यावी. कौलावर मारू नये, पाणी खाली घरात जाते. जुना चुन्याचा गिलावा, खिडकीची फट, मीटरची पेटी यांपासून लांब राहावे. शहाबादी आणि कोटा फरशी चुनखडीची असते, तिच्यावर ॲसिड टाकले की ती खाल्ली जाते. शेवाळावर पातळ केलेले ब्लीच टाकून दहा मिनिटे थांबले की दाब कमी लागतो. मात्र ब्लीच आणि ॲसिड एकत्र कधीही करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. विहार धुवायला बोलावतील, जरूर जा. पण मूर्तीवर आणि पुतळ्यावर गन नको, रंगाचे पोपडे निघतात. तिथे बादली आणि मऊ फडकेच बरे.

अंगाची काळजी तर आधी घ्यावी. गमबूट, चष्मा, अर्थिंगची तीन तारांची जाड वायर आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-विद्युत ब्रेकर, यांचा खर्च मशीनच्याच खर्चात धरा. शिडीवर उभे राहून गन चालवू नका, ती मागे ढकलते. धार कातडीत शिरली तर बाहेरून टाचणीएवढेच भोक दिसते, आत मात्र मोठी इजा असते. हळद लावून घरी बसू नये, तडक इस्पितळ गाठावे.

दर सांगताना आपली पोरे नजरेने अंदाज करतात आणि फसतात. टेप घेऊन मोजा. समजा मदतनीस ७००, टेम्पो ५००, साबण-ब्लीच २००, मशीनची झीज १००, आपली मजुरी १०००, आणि रिकाम्या दिवसांसाठी व दुरुस्तीसाठी ५००. हे झाले ३०००. दिवसात २००० चौरस फूट गच्ची होत असेल तर चौरस फुटाला दीड रुपया हा तळ. त्याखाली उतरलात तर दुसऱ्याची गच्ची आपल्या घरच्या डाळ-तांदळाने धुतली. आपली मजुरी हिशेबात न धरणे ही सगळ्यांत मोठी चूक. वही घरातल्या बाईच्या हाती द्या, उधारी तिला बरोबर आठवते. पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंगवाले आणि दिवाळीआधी रंगारी, दोघांनाही धुतलेली जागा लागते. त्यांच्याशी ओळख ठेवली तर गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नाही.

आणि एक दिवस सेक्रेटरी म्हणेल, “आलाच आहात तर ती संडासाची टाकीही उतरून बघा, वरचे पैसे देतो.” त्याने हे आपल्यालाच का विचारले, ते आपल्याला कळते. उतरायचे नाही. दहापट दिले तरी नाही. आत साठलेला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही मरतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे सेक्रेटरीला शांतपणे सांगावे आणि गच्चीचे बिल द्यावे.

भांडवलासाठी मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज तारणाशिवाय आहे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच आहे, जिल्हा कार्यालयात जाऊन चालू योजना विचारा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि दुकानाचे कोटेशन आधीच जमवून ठेवा. उद्यम नोंदणी फुकट होते, तिच्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका.