शब्दाची जामीनकी
(लेखांक सातवा)

लोकाग्रणींच्या नीतिमत्तेची चर्चा निघाली की आपले लक्ष प्रथम अफरातफर, लाचलुचपत आणि वशिला यांकडे जाते, आणि गेल्या दोन लेखांकांत आपणही त्यांचाच परामर्श घेतला. पुढाऱ्याच्या मुखातून निघणाऱ्या शब्दाचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मागतो. तो मागितला गेला असता काय घडते हे पाहण्यास गोपाळ कृष्ण गोखले यांच्या क्षमायाचनेचे १८९७ सालचे प्रकरण मला विशेष बोधक वाटते. त्यांचे भक्त ते घाईने ओलांडतात आणि टीकाकार चवीने वाचतात, एवढ्यावरूनच त्यात काही तरी शिल्लक असावे असा तर्क होतो.

त्या वर्षी हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले होते, आणि इकडे पुण्यात रँडसाहेबांच्या हुकमतीखाली गोऱ्या शिपायांकडून प्लेगच्या निमित्ताने घरांची झडती चालली होती. सोवळ्याओवळ्याचा, देवघराचा किंवा स्त्रियांच्या मर्यादेचा मुलाहिजा राहिला नाही अशी पत्रे पुण्याच्या विश्वासू स्नेह्यांकडून गोखल्यांना येऊ लागली. त्यांत दोन स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा आणि त्यांपैकी एकीने आत्महत्या केल्याचा मजकूर होता. ‘मँचेस्टर गार्डियन’ या पत्राच्या प्रतिनिधीस गोखल्यांनी तो सांगितला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोपाचा साफ इन्कार केला आणि पुराव्याची मागणी पुढे आली.

जुलैअखेर गोखले मुंबईस परतले तेव्हा परिस्थिती याहून कठीण झाली होती. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली होती, तो पुढे मरण पावला होता, टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती, आणि ज्यांनी पत्रे लिहिली त्यांपैकी कोणीही सरकारदरबारी उभे राहून जबानी देण्यास राजी नव्हता. त्यांची नावे सांगून स्वतः मोकळे होणे गोखल्यांस सहज शक्य होते. कायद्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हते आणि जनरीतीप्रमाणे तर ते क्षम्यच ठरले असते. त्यांनी नावे सांगितली नाहीत. विधान माझे, सिद्ध करण्याचा भार माझा, आणि तो मला पेलत नाही म्हणून मी ते परत घेतो, अशा भूमिकेने त्यांनी ऑगस्टच्या आरंभी बिनशर्त माफीचे पत्रक प्रसिद्ध केले.

माझ्या मते त्या पत्रकात जरुरीपेक्षा अधिक नमते घेतले गेले. आरोप मागे घेणे सत्यनिष्ठेचा भाग होता. त्याबरोबर गव्हर्नरांची, अधिकाऱ्यांची आणि झडतीवरील शिपायांची क्षमा मागणे मात्र, ज्यांची घरे झडतीत उघडी पडली त्यांच्या डोळ्यांत सलल्यावाचून राहणार नव्हते. एक आरोप सिद्ध होत नाही म्हणून सारी गाऱ्हाणी निराधार ठरत नाहीत, हे म्हणण्याची जागा तेथे होती. परंतु पुण्याच्या लोकमताने या दोन गोष्टी निराळ्या पाहिल्याच नाहीत. भित्रेपणाचा शिक्का सरसकट बसला, आणि ज्यांनी पत्रे लिहून गप्प राहणे पसंत केले त्यांच्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. पुढाऱ्याच्या नीतीची कसोटी घेणाऱ्या समाजाने आपल्या साक्षीदारांची कसोटी घेऊ नये, ही तफावत मला त्या माफीहून अधिक खटकते. साक्ष देण्याचे धैर्य ज्या समाजात दुर्मिळ, तेथील पुढाऱ्यास एक तर मौन पाळावे लागते किंवा दुसऱ्याच्या माहितीवर जामीन राहून दंड भरावा लागतो.

डिसेंबरात अमरावतीस काँग्रेस भरली तेव्हा तेथेही गोखल्यांविषयीची नाराजी लपून राहिली नाही. पुढच्या वर्षी मात्र पुण्यात प्लेगनिवारणाच्या कामात ते स्वयंसेवक म्हणून उतरले आणि १८९९ मध्ये मुंबईच्या कायदेकौन्सिलात निवडून आले. आकडा सरकारी दप्तरातून तपासल्याशिवाय उच्चारायचा नाही ही शिस्त रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी त्यांना पूर्वीच लावली होती, तरी १८९७ च्या चटक्याने ती अधिक कडक झाली असावी असे मला वाटते. १९०२ मध्ये वरिष्ठ कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना, खजिन्यातील शिल्लक हे रयतेच्या सुबत्तेचे लक्षण नसून जादा करआकारणीचे आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. पुढील वर्षी मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला. १९०७ पर्यंत तो एका रुपयावर आला होता. त्याचे सारे श्रेय एका माणसास देणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु मिठाच्या प्रश्नावर त्यांनी दिलेला आकडा खोटा आहे असे म्हणून त्यांना कोणी अडवू शकले नाही.