चाकणहून आइंडहोव्हनला निघालात? आधी डच ‘ख’ घोटून घ्या!

पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात परदेशी भाषा शिकायची म्हटलं की जर्मन नाहीतर जपानी. डचकडे फारसं कुणी वळत नाही. पण चाकणमध्ये फिलिप्सचा वैद्यकीय उपकरणांचा कारखाना आहे, आणि चिप बनवण्याची यंत्रं तयार करणारी एएसएमएल आइंडहोव्हनला खेटून असलेल्या फेल्डहोव्हनमध्ये. इथल्या इंजिनिअरसाठी नेदरलँड्स काही फार लांब नाही.

परीक्षा कुणाला?

कुशल कर्मचारी म्हणून नोकरीच्या परवान्यावर जाणाऱ्याला आणि त्याच्या जोडीदाराला निघण्यापूर्वी भाषेची परीक्षा नसते. डच नागरिकाशी लग्न करून जाणाऱ्या भारतीय जोडीदाराला मात्र साधारणपणे इथूनच ‘इनबुर्खरिंग’ची प्राथमिक परीक्षा पास व्हावी लागते. बोलणं, वाचन आणि डच समाजाची माहिती असे तिचे तीन भाग; भाषेची पातळी ए१. तिथे नमस्कार-चमत्कार हा शिष्टाचार राहत नाही, त्यावर बिऱ्हाड अडतं.

उच्चारात मराठी कामाला येते

डच प, त, क मराठीसारखेच. इंग्रजीसारखा हवेचा झोत नाही. गोची ‘जी’ अक्षराची. दिसतं ‘गोएडे’, म्हणायचं ‘खूदे’, आणि तो ‘ख’ घसा खरवडून, ‘ख़ुदा’तल्यासारखा. सकाळी ‘खूदेमोर्खन’, दुपारी ‘खूदेमिद्दाख’. ‘कसे आहात?’ साठी ‘हू खात हेत मेत यू?’

यातला ‘यू’ म्हणजे आपलं ‘तुम्ही’; ‘तू’साठी ‘ये’. अहो-जाहोची सवय असलेल्याला हे सांगावं लागत नाही, इंग्रजी माध्यमवाल्याला लागतं.

भाषेवर गप्पा निघाल्या की: ‘मराठी इस मेइन मूदरताल’, मराठी माझी मातृभाषा. ‘इक स्प्रेक अन बेत्ये नेदरलांत्स’, मला थोडं डच येतं. ‘स्प्रेक्त यू एंगल्स?’, इंग्रजी बोलता का? हा प्रश्न शक्यतो राखून ठेवा. डच माणूस तुमचा अडखळता सूर ऐकून आपणहूनच इंग्रजीवर येतो आणि सराव तिथेच बुडतो. त्याऐवजी ‘कंत यू वात लांगझामर प्रातन?’ म्हणजे जरा सावकाश बोलाल का, असं विचारलेलं बरं.

निघताना ‘तोत झीन्स’. आइंडहोव्हनच्या ब्राबांत भागात मात्र ‘हाउदू’ कानावर पडेल. तिकडचा ‘ख’ही मऊ असतो, घसा तेवढा वाचतो.