छतातले दिवे

सुटीत मी वायरमन मामांच्या हाताखाली काम करतो. हल्ली स्वयंपाकघरालाही पीओपीचे फॉल्स सीलिंग अन् त्यात एलईडी दिवे हवे असतात. धोका असतो तो वरच्या पोकळीत. दिव्यामागचा ड्रायव्हर २३० व्होल्टचा दाब उतरवताना तापतो. हवा खेळली नाही तर लवकर निकामी होतो. नुसते बटण बंद करून वर हात घालणे म्हणजे जिवाशी खेळच! जुन्या घरांत बटण कधीकधी फेजऐवजी न्यूट्रलवर असते. दिवा विझतो, तारेत वीज राहतेच. म्हणून आधी मेन स्विच बंद, मग टेस्टर. ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी सुचवला, की मालक खर्चाचे रडतात. नक्षीला मात्र हात आखडत नाहीत. मामा त्याशिवाय काम घेत नाहीत.